रक्त तयार आहे ना?

१९९८-९९ या शैक्षणिक वर्षात बहरीनमधल्या अकरावीच्या ५,६८५ मुलामुलींचं रक्त तपासलं गेलं. आनुवंशिक रक्तविकार शोधण्याची ती देशपातळीवरची मोहीम होती आणि तिच्यामागे डॉ. शेखा अल-अरायेद या आनुवंशशास्त्राच्या डॉक्टर उभ्या होत्या. निष्कर्ष आले ते असे: १.२ टक्के मुलांना सिकलसेलचा आजार, १३.८ टक्के मुलं सिकलसेलची वाहक, आणि २३ टक्के मुलांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता. चाळीस मुलांचा वर्ग धरला तर त्यात पाच-सहा वाहक आणि नऊ जणांत ते एन्झाइम कमी.

या आकड्यांचा छातीच्या ऑपरेशनशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संबंध अगदी थेट आहे. ती मुलं आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. हृदयाच्या झडपा, तुंबलेल्या धमन्या, फुप्फुसातल्या गाठी हे सगळं ज्या वयापासून दारात येऊन उभं राहतं, त्या वयाला ती पोचली आहेत. त्यांच्यापैकी कुणाची छाती उघडायची वेळ आली, तर सर्जनने सुरी हातात घेण्याच्या कितीतरी आधी रक्तपेढीत काम सुरू झालेलं असावं लागतं. छातीतलं रक्त थांबवण्याचं श्रेय आपण ओटीतल्या हातांना देतो. ते हात कुशल असतातच. पण बरंचसं रक्त ओटीच्या बाहेर, आधीच्या दिवसांत, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या कामामुळे वाचलेलं असतं. बहरीनसारख्या छोट्या देशात ही गोष्ट जितकी लख्ख दिसते, तितकी मुंबई-पुण्यात दिसत नाही.

आधी छातीचा हिशेब समजून घेऊ, कारण तो शरीराच्या इतर भागांपेक्षा निराळा आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. हृदय दर मिनिटाला जवळजवळ तेवढंच रक्त पुढे ढकलतं आणि ते सगळं फुप्फुसांतून जातं. फुप्फुसाच्या धमनीतला दाब कमी असतो, सरासरी पारा पंधरा मिलिमीटरच्या आसपास. महाधमनीत तोच नव्वदच्या घरात. दाब कमी, पण प्रवाह प्रचंड आणि धमनीची भिंत पातळ. शिवण घालताना दोरा जरा ओढला गेला तरी ती चिरते. याउलट बरगड्यांच्या खालच्या कडेने जाणाऱ्या धमन्या आणि श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या ब्रॉंकियल धमन्या. आकाराने त्या चिमुकल्या, पण बहुतेक थेट महाधमनीतून निघतात, त्यामुळे त्यांचं रक्त पूर्ण दाबाने उडतं. त्यातून छाती ही पोकळी. एका बाजूला दोन-तीन लिटर रक्त साठलं तरी बाहेरून कातडीवर काही कळत नाही. कळतं ते नाडीवरून, घामावरून, पेशंटच्या अस्वस्थपणावरून.

परांची कोसळून पडलेल्या किंवा गाडीची धडक बसलेल्या माणसाची बरगडी मोडते आणि छातीत रक्त साठतं, तेव्हा बहुतेक वेळा एक नळी घालून भागतं. रक्त बाहेर येतं, फुप्फुस पुन्हा फुगतं, छातीच्या भिंतीला टेकतं आणि त्या टेकण्यानेच बारीक रक्तस्राव थांबतो. नळी घालताच दीड लिटर रक्त निघालं, किंवा त्यानंतर ताशी दोनशे मिली या वेगाने दोन ते चार तास येतच राहिलं, तर छाती उघडायची, हा जगभर पाळला जाणारा ठोकताळा. खाडीच्या देशांत बांधकाम आणि रस्ते अपघात यांमुळे जखमी होणाऱ्यांत आपल्याकडचे कामगार मोठ्या संख्येने असतात, म्हणून हे आकडे इथे मुद्दाम दिले.

आता ऑपरेशनमधला एक प्रसंग जवळून पाहू. तो कुणा एका रुग्णाचा नाही. जगभरच्या ओटींत तो घडतो आणि छातीचे सर्जन होणाऱ्या प्रत्येकाला त्याची तालीम दिली जाते.

पेशंट कुशीवर झोपवलेला आहे. डाव्या फुप्फुसाचा वरचा खंड काढायचा आहे. बरगड्यांच्या मधून तीन-चार सेंटिमीटरची चीर, दुर्बीण आत, सगळ्यांच्या नजरा पडद्यावर. भूलतज्ज्ञाने त्या बाजूच्या फुप्फुसातली हवा बंद केली आहे, त्यामुळे ते मलूल होऊन पडलं आहे. माणसाला पूर्वी टीबी होऊन गेलेला. त्यामुळे फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसिकाग्रंथी चुना साठून कडक झाल्या आहेत आणि धमनीच्या फांदीला घट्ट चिकटल्या आहेत. एक गाठ सोडवताना ती फांदी मुळाशी फाटते. क्षणात पडदा लाल. कॅमेऱ्याच्या काचेवर रक्त उडालं की काहीच दिसत नाही.

अशा वेळी हात आपोआप चिमट्याकडे जातो, आणि घात तिथेच होतो. न दिसणाऱ्या जागी चिमटा लावला की भोक दुप्पट होतं, कधी शेजारची शीरही फाटते. शिकवलेलं उत्तर साधं आहे: दाबून धरा. तेच मलूल फुप्फुस त्या जागेवर दाबायचं, किंवा लांब चिमट्यात धरलेली गॉझची घट्ट गुंडाळी तिथे टेकवायची. फुप्फुसाच्या धमनीतला दाब कमी असल्यामुळे एवढ्याने रक्त थांबतं. मग हात न हलवता थांबायचं, घड्याळ बघून पाच मिनिटं, कधी दहा. सर्जन मोठ्याने सांगतो की धमनी फाटली आहे आणि ती दाबून धरली आहे. ते ऐकून खोलीतला प्रत्येक माणूस कामाला लागतो. भूलतज्ज्ञ रक्त मागवतो आणि दुसरी जाड सुई मोकळी आहे ना ते बघतो. सिस्टर दुसरं सक्शन जोडते आणि छाती पूर्ण उघडण्याचा संच सोडते. जाणत्या सहकाऱ्याला निरोप जातो. पाच मिनिटांनी गुंडाळी हळूच उचलली तर कित्येकदा भोक इतकं लहान निघतं की त्यावर रक्त गोठवणारा पॅच ठेवून भागतं. नाहीतर क्लिप, नाहीतर केसाएवढ्या प्रोलीन धाग्याचे दोन टाके. तेही जमत नसेल तर चीर मोठी करायची, गरज पडली तर हृदयावरचं आवरण उघडून धमनी मुळापाशीच धरायची. दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन असं उघडं करण्यात छातीचे सर्जन कमीपणा मानत नाहीत. वेळेवर न उघडणं, हाच त्यांच्यात दोष धरला जातो.

पण ही पाच मिनिटं स्वस्थ उभं राहण्याची मुभा त्यालाच असते, ज्याच्या पाठीमागे रक्त तयार आहे. मागच्या खोलीत जुळवलेल्या चार पिशव्या आहेत हे ठाऊक असलेला सर्जन थांबू शकतो. ठाऊक नसलेला घाई करतो. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी जी तपासयादी तयार केली, तिच्यात भूल देण्याआधी मोठ्याने विचारायचा एक प्रश्न म्हणूनच आहे: पाचशे मिलीपेक्षा जास्त रक्त जाण्याची शक्यता आहे का, आणि असेल तर शिरा आणि द्रव यांची तजवीज झाली आहे का? जगातल्या आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली गेली, त्यांत दिल्लीही होती. २००९ साली निष्कर्ष छापून आले. ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं होतं. यंत्र नवीन नव्हतं, औषध नवीन नव्हतं. विचारण्याची शिस्त तेवढी नवीन होती.

फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही मुळात रक्ताच्या धाकाचाच इतिहास आहे. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत सेंट लुईसला इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एक संपूर्ण फुप्फुस एका बैठकीत काढलं. त्यांनी मुळाशी दोरी आवळून सगळ्या शिरा-धमन्या एकगठ्ठा बांधल्या होत्या, कारण एकेक सुटी करून बांधण्यात फाटण्याची भीती. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि ग्रॅहम यांच्या मृत्यूनंतरही तो जगला. आज प्रत्येक शीर वेगळी सोडवून स्टेपलरने बंद करतात. ग्रॅहम यांचा धाक मात्र खरा होता आणि तो अजून गेलेला नाही.

बहरीनकडे येऊ. क्षेत्रफळाने हा देश बृहन्मुंबईपेक्षा थोडासाच मोठा, लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास, आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक बाहेरदेशचे. भारतीय तीन लाखांच्या पुढे. आपल्याशी या बेटाचं नातं जुनं आहे. इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जायचे आणि १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपयाच चालायचा. आधुनिक वैद्यकी इथे आली तीही आपल्याला ओळखीच्या वाटेने. आपल्याकडे मिरजेला डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उघडलं. मनामामध्ये अमेरिकन मिशनचं मेसन मेमोरियल हॉस्पिटल १९०३ साली सुरू झालं. ते आजही अमेरिकन मिशन हॉस्पिटल या नावाने चालू आहे. जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकलेले डॉ. पॉल हॅरिसन याच मिशनचे सर्जन. त्या काळात रक्त साठवून ठेवण्याची सोयच नव्हती, त्यामुळे छातीच्या आत हात घालणं हा विषयच नव्हता. आज सलमानिया हे सर्वांत मोठं सरकारी रुग्णालय आहे. मुहर्रक बेटावर किंग हमद युनिव्हर्सिटी हॉस्पिटल आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी शेख मोहम्मद बिन खलिफा यांच्या नावाचं केंद्र आहे. त्याची नवी इमारत अवालीत उभी राहिली, म्हणजे १९३२ मध्ये तेल लागल्यावर तेल कंपनीने वसवलेल्या गावात.

अशा केंद्रात समजा एक बहरीनी बाई झडपेच्या ऑपरेशनसाठी आली आणि तिला सिकलसेलचा आजार आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला, अंग गार पडलं किंवा रक्तात आम्लता वाढली की विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आणि हृदयाचं ऑपरेशन म्हणजे काय? हार्ट-लंग मशीनवर घेताना अंग गार करायचं, रक्त नळ्यांतून फिरवायचं, हृदयाचा पुरवठा तास-दीड तास तोडायचा. पेशी विळ्यासारख्या व्हायला लागतं ते सगळं इथे जुळून येतं. म्हणून आधीच काही दिवस, किंवा मशीनवर घेतानाच, तिचं रक्त काढून दुसऱ्याचं रक्त भरतात, अशा बेताने की सिकल हिमोग्लोबिनचं प्रमाण तीस टक्क्यांच्या खाली यावं. अंग फार गार करत नाहीत. प्राणवायू आणि आम्लता यांवर दर काही मिनिटांनी नजर.

आधी रक्त द्यावं की नाही, यावर पूर्वी वाद होता. २०१३ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलेली एक पाहणी अर्ध्यावरच थांबवावी लागली. मध्यम आणि कमी जोखमीच्या ऑपरेशनांआधी काही सिकलसेल रुग्णांना रक्त द्यायचं आणि काहींना नाही, असा तिचा आराखडा होता. न दिलेल्यांत गंभीर गुंतागुंती इतक्या जास्त झाल्या की पुढे चालू ठेवणं योग्य नव्हतं. त्यांतल्या बहुतेक छातीच्याच होत्या: फुप्फुसात पेशी अडकून श्वास कोंडणं, ज्याला ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात.

इथे रक्तस्रावाचा पेच वाढतो तो एका वेगळ्याच कारणाने. नेहमीच्या हृदयशस्त्रक्रियेत सांडलेलं रक्त सेल-सेव्हर यंत्रात ओढून, धुऊन त्याच पेशंटला परत देतात. त्यामुळे बाहेरच्या पिशव्या वाचतात. सिकलसेलच्या रुग्णात मात्र त्या यंत्राच्या टाकीतच पेशी विळ्याच्या होण्याची भीती असते, म्हणून ते शक्यतो टाळतात. म्हणजे ज्या पेशंटला रक्त सगळ्यात जास्त लागणार, त्याच्याच बाबतीत रक्त वाचवण्याचं एक हुकमी साधन हातातून जातं.

दुसरा पेच जी-सिक्स-पीडीचा. मशीनवरून उतरताना काही रुग्णांचा रक्तदाब औषधांना दाद न देता खाली जातो, रक्तवाहिन्या सैल पडतात. त्यावर शेवटचा उपाय म्हणून काही ठिकाणी मिथिलिन ब्लू हे निळं औषध शिरेतून देतात. जी-सिक्स-पीडी कमी असलेल्या माणसाला ते दिलं तर त्याच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. आधीच रक्त गेलेलं, त्यात उरलेलं रक्त आतल्या आत फुटतंय. ज्या देशातल्या शाळकरी मुलांत ही कमतरता जवळपास चौघांत एकाला आढळते, तिथल्या भूलतज्ज्ञाला हे औषध उचलण्याआधी एका कागदाकडे बघावं लागतं. तो कागद फायलीत असला तर निर्णय दोन सेकंदांचा. नसला तर पणाला लागतो तो पेशंट. मुंबईतल्या पारशी समाजातही ही कमतरता बऱ्याच प्रमाणात सापडते, त्यामुळे मुंबईच्या डॉक्टरांना हा प्रश्न अपरिचित नाही.

सिकलसेल म्हटलं की मराठी वाचकाला गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, मेळघाट आठवेल. आठवायलाच हवं. भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरांत प्रथम नोंदला गेला आणि विदर्भातही तो मोठ्या प्रमाणावर आहे हे पुढे स्पष्ट झालं. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत सिकलसेलवर कित्येक वर्षं काम केलं. त्यासाठी त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. पण एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. सिकलसेलच्या जनुकाचे जगात काही ठळक प्रकार आहेत, आणि विदर्भातल्या बहुतेक रुग्णांत आढळणारा आणि बहरीनमधल्या बहुतेक रुग्णांत आढळणारा प्रकार एकच आहे. शास्त्रज्ञ त्याला अरब-भारतीय म्हणतात. गर्भातलं हिमोग्लोबिन या प्रकारात मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं आणि ते पेशींना विळ्यासारखं होऊ देत नाही, त्यामुळे आजार काहीसा सौम्य असतो. सौम्य असल्यामुळेच कित्येक जणांना तो असल्याचं उशिरा कळतं, आणि ऑपरेशनच्या टेबलावर कळणं हे सगळ्यात वाईट.

बहरीनने यावर कायदा केला. २००४ पासून लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी सक्तीची झाली. निकाल काहीही आला तरी लग्न थांबवलं जात नाही, पण दोघांनाही माहिती मिळते. आपल्याकडे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. एक छोटा देश आणि एक प्रचंड देश यांची तुलना मला रास्त वाटत नाही. तरी धानोऱ्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या मुलाच्या खिशात त्याच्या रक्ताचा कागद असावा, एवढी अपेक्षा मोठी नाही.

आता रक्तपेढीत जाऊ, कारण खरी लढाई तिथे आहे. सिकलसेलच्या रुग्णाला आयुष्यात अनेकदा रक्त घ्यावं लागतं. दर वेळी दुसऱ्याच्या पेशींवरचे काही बारीक घटक त्याच्या शरीराला परके वाटतात आणि ते त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ए, बी, ओ आणि आरएच जुळले तरी आरएचचे सी आणि ई, केल असे गट जुळावे लागतात. जितकी जास्त वेळा रक्त घेतलं, तितकं जुळणारं रक्त मिळणं अवघड. असा पेशंट छातीच्या ऑपरेशनला येतो तेव्हा क्रॉसमॅच, म्हणजे रक्त जुळवून बघणं, तासाभरात होत नाही. कधी दिवस लागतात, कधी ठरावीक दात्यांना फोन करून बोलवावं लागतं. मुंबईत एका पेढीत नाही मिळालं तर ठाणे, पुणे, नाशिक आहे. बहरीनमधून बाहेर जायला समुद्रावरचा पंचवीस किलोमीटरचा पूल आहे आणि त्या टोकाला दुसरा देश आहे.

रक्त जुळण्याच्या या विद्येत मराठी माणसांचं एक मोठं काम आहे आणि दिवाळी अंकात ते सांगायलाच हवं. १९५२ मध्ये लॅन्सेटमध्ये एक शोध छापून आला. त्याच्या लेखकांत मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया होते. काही माणसांच्या तांबड्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि ओ गटातही असणारा एच हा मूळ घटकसुद्धा नाही, असं त्यांना आढळलं. जगभर त्याला आज बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. नेहमीच्या चाचणीत हे रक्त ओ सारखंच दिसतं. पण अशा माणसाला ओ गटाचं रक्त दिलं तर त्याचं शरीर ते नष्ट करायला लागतं. भारतात दहा हजारांत एखादा असा सापडतो, युरोपात दहा लाखांत एखादा. परळच्या केईएमच्या आवारात १९५७ मध्ये रक्तगटांचं संदर्भ केंद्र सुरू झालं आणि पुढे त्यातूनच राष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्याच केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. हृदयाचे सर्जन डॉ. गुरुकुमार पारुळकर त्यांच्याच विभागातले. उघडी छाती आणि जुळणारं रक्त, दोन्ही विद्या एका आवारात वाढल्या.

बॉम्बे गट ही पुस्तकातली गोष्ट नाही. २०२४ च्या मे महिन्यात शिर्डीचा एक फुलांचा व्यापारी चारशेहून अधिक किलोमीटर मोटारीने जाऊन इंदूरला पोचला, तिथल्या एका बाईला रक्त द्यायला. तिला आधी ओ पॉझिटिव्ह समजून रक्त दिलं गेलं होतं आणि तिची तब्येत ढासळली होती. तिचा खरा गट निघाला बॉम्बे. भारतीय माणूस बहरीनला जातो तेव्हा हा गटही त्याच्याबरोबर जातो. तिथे छातीचं ऑपरेशन ठरलं आणि क्रॉसमॅचमध्ये ओ गटाची एकही पिशवी जुळेना, तर तंत्रज्ञाच्या मनात बॉम्बेची शंका यायला हवी. मुंबईत ती शंका लगेच येते. बाहेर ती येईलच असं नाही, म्हणून अशा माणसाने आपल्या गटाचं कार्ड पासपोर्टबरोबरच ठेवावं.

पासपोर्टवरून गोळ्यांकडे वळतो. आखातात राहणारी आपली माणसं सुट्टी संपवून परतताना सहा-सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत भरून नेतात. बहुतेकांना त्या गोळीचं नाव ठाऊक असतं, आत काय आहे ते नसतं. भारतात ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलचं औषध आणि क्लोपिडोग्रेल ही तिन्ही एकाच कॅप्सूलमध्ये घालून विकतात. परदेशातल्या डॉक्टरला त्या पाकिटावरचं नाव अनोळखी. क्लोपिडोग्रेल ऑपरेशनच्या साधारण पाच दिवस आधी थांबवतात, कारण ते प्लेटलेटना निकामी करतं आणि नव्या प्लेटलेट तयार व्हायला तेवढे दिवस लागतात. कृत्रिम झडप बसवलेल्यांचंही तसंच. आपल्याकडे बऱ्याच जणांना ॲसिट्रॉम चालू असते, बाहेर बहुतेक ठिकाणी वॉरफेरिन. दोन्ही रक्त पातळ करतात, पण दोन्हींचा डोस वेगळा. ‘बीपीची गोळी घेतो’ एवढं सांगून माणूस टेबलावर गेला, तर छाती शिवून झाली तरी प्रत्येक टाक्यातून रक्त झिरपत राहतं. तिथे सर्जनच्या कौशल्याला काही वाव नसतो. म्हणून गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी पिशवीत घालून नेणं हे नातेवाइकांनी करण्यासारखं सगळ्यात उपयोगी काम आहे.

झिरपणं आणि वाहणं यांतला फरक ओळखणं ही एक कसबाची गोष्ट. एखादी शीर सुटली असेल तर टाका हवा. रक्तच गोठत नसेल तर टाके घालत बसणं व्यर्थ. मशीनवर असताना रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. ते उतरवायला प्रोटामिन, जे मूळचं माशांपासून मिळतं. प्रोटामिन कमी पडलं की झिरपतं, जास्त झालं तरी झिरपतं. पिशवीतलं रक्त टिकावं म्हणून घातलेलं सायट्रेट पेशंटच्या रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. अंग गार पडलं तरी गोठत नाही. म्हणून मोठ्या रक्तस्रावात पेशींच्या बरोबरीने प्लाझ्मा आणि प्लेटलेट द्यायच्या, रक्त कोमट करून द्यायचं, कॅल्शियम भरायचं. जोडीला ट्रानेक्झॅमिक ॲसिड. जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या पती-पत्नीने शोधलेलं हे स्वस्त औषध तयार झालेली गुठळी विरघळू देत नाही. चाळीस देशांतल्या वीस हजारांवर जखमींवर, त्यांत भारतातलेही होते, त्याची चाचणी होऊन २०१०-११ मध्ये निष्कर्ष आले: जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात. तीन तासांनंतर दिलं तर फायदा नाही, उलट अपायाची शक्यता. हृदयाच्या ऑपरेशनांतही ते वापरतात, फक्त डोस जपून, कारण जास्त झाल्यास झटके येऊ शकतात.

ऑपरेशन संपलं तरी रात्र बाकी असते, आणि ती असते आयसीयूच्या सिस्टरची. बहरीनच्या रुग्णालयांत ती बहुधा केरळची किंवा फिलिपिन्सची असते. पलंगाच्या खाली ड्रेनची बाटली, तीवर रेघा. दर तासाला ती वाकून रेघ बघते आणि तक्त्यावर आकडा लिहिते. शंभर, ऐंशी, पन्नास असे आकडे उतरत गेले तर सगळं ठीक. दोनशेच्या पुढे सलग राहिले तर डॉक्टरला फोन. हृदयाची ऑपरेशनं झालेल्यांत शंभरातल्या दोन ते पाच जणांना रक्त थांबवण्यासाठी पुन्हा ओटीत घ्यावं लागतं. पण मुरलेली सिस्टर जास्त घाबरते ती दुसऱ्याच आकड्याला. मघापर्यंत दीडशे येत होतं आणि या तासाला अचानक शून्य. घरच्यांना वाटतं रक्त थांबलं. तिला शंका येते की नळीत गुठळी अडकली आहे आणि रक्त आता हृदयाभोवती साठतंय. ती नळी हाताने चोळून मोकळी करायला बघते, रक्तदाबाचा आकडा बघते, मानेच्या शिरा फुगल्यात का बघते. हृदय दाबलं जाऊन थांबलं, तर छाती पलंगावरच पाच मिनिटांत पुन्हा उघडावी लागते. त्यासाठी उरोस्थीच्या तारा कापण्याची पक्कड आणि निर्जंतुक संच जवळ ठेवलेला असतो. त्या रात्री जीव वाचला तर डिस्चार्ज कार्डावर तिचं नाव नसतं. ते असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सिकलसेलपुरतं बोलायचं तर मोठा बदल दारात आहे. जनुकात नेमका बदल करून गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवणारा कॅसजेव्ही हा उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्य केला. त्यानंतर काही आठवड्यांतच, अमेरिकेच्याही आधी, तो मान्य करणारा दुसरा देश बहरीन होता. अरब-भारतीय प्रकारात निसर्गाने जे थोडंफार करून ठेवलं आहे, तेच हा उपचार पुरतेपणी करू बघतो. पण त्यासाठी अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढाव्या लागतात, केमोथेरपी घ्यावी लागते, महिने जातात आणि खर्च डोळे विस्फारणारा. ज्याची झडप याच महिन्यात बदलायची आहे, त्याला पिशव्याच लागणार.

आणि पिशव्या माणसांकडूनच येतात. बहरीनमध्ये आशुराच्या सुमारास रक्तदानाची शिबिरं भरतात. भारतीय संघटनाही सुट्टीच्या दिवशी सलमानियाच्या रक्तपेढीत रांगा लावतात. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळं, शिवजयंती आणि आंबेडकर जयंती यांनी हे काम वर्षानुवर्षं सांभाळलं आहे. रमजानमध्ये दिवसभर उपास असल्याने तिकडे दाते कमी होतात. महाराष्ट्रात तेच मे महिन्यात आणि दिवाळीत होतं. कॉलेजं बंद, कचेऱ्या बंद, माणसं गावी गेलेली. तांबड्या पेशी फ्रीजमध्ये बेचाळीस दिवसांपर्यंत टिकतात आणि गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर, त्यामुळे त्यांचा साठा करता येतो. प्लेटलेट टिकतात पाच दिवस, आणि त्यातला एखादा दिवस तपासण्यांत जातो. पाडव्याच्या सकाळी कुणाचं झडपेचं ऑपरेशन ठरलं असेल, तर त्याच्या प्लेटलेट धनत्रयोदशीच्या सुमाराला कुणीतरी येऊन दिलेल्या असाव्या लागतात.